दुपट्ट्यातलं तोंड

माझा धंदाच तोंडांचा. आमगावात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं पार्लर आहे. लग्नसराईत नवऱ्या येतात, त्यांच्या आया येतात, मावशा येतात. कोणाचे वांग झाकायचे, कोणाला रंग दोन छटा उजळ पाहिजे, कोणाच्या नाकाची सावली बारीक करून पाहिजे. अर्ध्या तासात मी बाईला अशी करून देते, की तिच्या घरचे लोक दारात उभे राहून म्हणतात, अवो बाप्पा, ही आपलीच का? आणि अशी मी टीना, माझ्या स्वतःच्या बापाचा एक फोटो भिंतीवर लावू शकले नाही. बोला आता.

रडगाणं म्हणून सांगत नाही हे. रडगाण्याचा मला तिटकारा आहे. मला राग आला आहे आणि तो कोणावर काढायचा तेच समजून नाही राहिलं, म्हणून सांगते.

बाबांचं नाव केवळराम. गाव कवडीटोला, देवरीच्या पुढं, छत्तीसगडकडं तोंड करून बसलेलं. थोडी धानाची शेती, बाकी सगळं जंगल. उन्हाळ्यात मोहफुलं, मग तेंदूपत्ता, मधल्या दिवसांत वनखात्याची जी निघतील ती कामं. उंच, वाळका माणूस. आणि चालणं असं, की पायाखाली पाचोळा आहे का गादी हे कळू नये. घरात मागून येऊन उभे राहिले की माय दचकायची. "अजी, खोकलत तरी जा येताना! जीव जाईल माझा एखाद्या दिवशी," म्हणायची. बाबा हसायचे. खोकलायचे मात्र कधीच नाहीत.

मी आठवीत होते तेव्हा अस्वलानं त्यांना धरलं. मोहफुलांच्या दिवसांत आमच्याकडं हे नवीन नाही. फुलं माणसाला पाहिजेत तशी अस्वलालाही पाहिजेत, आणि दोघांनाही ती सकाळी सकाळी, दव असतानाच पाहिजेत. बाबा नंतर सांगायचे, "त्याची चुकी नाही गा. मी वाकून वेचून राहिलो होतो, काळा, उघडा. त्याले वाटलं दुसरं अस्वलच आलं, आपलं झाड खाऊन राहिलं." लोक हसायचे. बाबा हसायचे तेव्हा मात्र लोकांचं हसू थांबायचं. डावा डोळा गेला होता. गाल कानापासून ओठापर्यंत फाटला होता, आणि शिवला तो असा ओढून आला होता, की हसले की ओठाची ती बाजू वर जायची आणि हिरडीपर्यंत सगळे दात दिसायचे. नुसतं बसलेलं असताना बाबांचं तोंड जखमी माणसाचं वाटायचं. हसताना ते भयानक वाटायचं. माझ्याच बापाबद्दल बोलते आहे, म्हणून खरं तेच बोलते. ते हसले की भीती वाटायची लोकांना.

दवाखान्यातून आल्यावर काही महिने ते तसेच उघड्या तोंडानं फिरले. मग एकदा देवरीच्या बसमध्ये एका बाईनं तिच्या लेकराच्या डोळ्यांवर पदर धरला. बाबा पुढच्या थांब्यावर उतरले, पायी घरी आले, आणि त्या दिवसापासून तोंडाला दुपट्टा. पांढरा, लाल काठाचा. नाकावरून घेतलेला, डाव्या डोळ्यावरून डोक्यामागं गाठ. उघडा राहिला तो एक उजवा डोळा.

दुपट्टा सुटायचा तो फक्त जेवताना. आणि जेवायचे ते फक्त मायपुढं. कोणाच्या लग्नाला गेले तर पंगतीत बसायचे नाहीत, मांडवाच्या मागं बैलांजवळ उभे राहायचे, उपाशी घरी यायचे. शेतात असोत की जंगलात, माय शिदोरी घेऊन जायची. दुरूनच हाक मारायची, "अजी!" नाव ती घेत नाही, आमच्याकडं बायका घेत नाहीत. "अजी" म्हटलं की बाबा वळायचे, आणि वळता वळता हात दुपट्ट्याला जायचा. पूर्ण वळेपर्यंत दुपट्टा गळ्यात आलेला असायचा आणि ते दात दिसत असायचे. इतक्या वर्षांत त्यांची ही रीतच पडून गेली होती. हाक म्हणजे जेवण, जेवण म्हणजे माय, आणि मायपुढं कायचा आला दुपट्टा!

माझ्या लग्नात मी पाया पडले त्यांच्या. म्हटलं, "बाबा, मी मेकअप लावून देते ना. शिकले आहे मी. कोणाले समजणार बी नाही. एक फोटो काढू." दुपट्ट्याआडून ते हसले, तेच वाकडं. "मी कायले येऊ फोटोत? नवरदेवाकडचे जेवणार नाहीत बिचारे." अल्बममध्ये माझ्या कन्यादानाचा फोटो आहे. त्यात माय आहे, मी आहे, माझा नवरा रोशन आहे, आणि एका बाजूला लाल काठाचं टोक आहे. बाकी बाबा फोटोच्या बाहेर.

मग योगराज आला.

योगराज गोंदियाचा. पुण्याकडं कुठंतरी सिनेमाचं शिकून आलेला, कानात बाळी, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, जसं गोंदियात असतं. चार-पाच मित्रांना आणि एक कॅमेरा घेऊन आमच्या जंगलात खुनाचा सिनेमा काढायला आला होता. धान कापून झालं होतं, मी माहेरी आले होते. नाल्याच्या वाटेवर बाबा पुढं चालत होते आणि हा पोरगा मागून बघत बघत थेट आमच्या अंगणापर्यंत आला.

"काका, एक बार और चलके दिखाओ ना."

बाबांना वाटलं पोरगा पिऊन आहे. मायनं त्याला चहा दिला, म्हणजे उतरेल. मग त्यानं समजावून सांगितलं. कॉलेजची पोरं जंगलात फिरायला येतात आणि एक खुनी त्यांना एकेक करून मारतो. माय म्हणाली, "असा कायचा शिनेमा? कोण पाहायले जाईल?" तो म्हणाला, "काकू, असे सिनेमे खूप आहेत. पण कॅमेरा नेहमी पळणाऱ्या पोरीसोबत असतो. माझा कॅमेरा खुनीसोबत राहणार. त्याच्या मागं मागं. तो कसा चालतो, कुठं पाणी पितो, कशाकडं बघत थांबतो. खुनी को कोई देखता ही नहीं, सब उससे डरते हैं बस."

हे शेवटचं वाक्य बाबांना लागलं असावं. कारण त्यांनी दुपट्ट्याची गाठ चाचपून घट्ट केली, मग म्हणाले, "तोंड दिसन का?"

"नाही काका. पूर्ण सिनेमाभर फक्त पाठ. मागून."

"एकबी वेळ?"

"एक बार भी नहीं."

"शब्द?"

"शब्द," योगराज म्हणाला, आणि बाबांचा हात हातात घेतला. मी तिथंच पायरीवर बसले होते. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

बाबांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. सकाळी मायच्या आधी उठून पायाला तेल लावायचे. मोठा हिरो ना! दिवसभर ती पोरं त्यांच्या मागं. "काका, जरा धीमे," "काका, त्या झाडाला हात लावा जसा नेहमी लावता." ते मोहाच्या झाडाजवळून जाताना हात लावल्याशिवाय पुढं जात नसत, ज्या झाडाखाली अस्वलानं धरलं त्यालाही. घरी येऊन मायला म्हणायचे, "दिवसभर मलेच पाहून राहिले ते. डोळे नाही फिरवले कोणं." माय म्हणायची, "पाठ पाहून राहिले जी, पाठ." "पाठ तं पाठ," बाबा म्हणायचे.

खून करायला मात्र ते कच्चेच. दिव्या नावाची एक पोरगी होती, तिला कुऱ्हाडीनं मारायचं होतं. कुऱ्हाड थर्माकोलची, रंगवलेली. बाबांनी ती उचलली आणि हात तिथंच. काही केल्या खाली येईना. योगराजनं सांगून सांगून घसा बसवला, तेव्हा कुठं डोळा मिटून त्यांनी ती टेकवली. पोरगी पाचोळ्यात पडली, अंगावर साखरेच्या पाकाचं लाल रक्त ओतलेलं. ही मेलेली असताना कॅमेरा चालूच, आणि बाबा खाली बसून विचारतात, "लागलं का माय?" वर तिच्या गालावर आलेल्या मुंग्या एकेक करून उचलून बाजूला सोडतात.

"काका! खूनी माफी नहीं माँगता!" योगराज ओरडला.

"खुनी नसन मांगत. मी मांगून राहिलो," बाबा म्हणाले. मेलेली पोरगी पोट धरून हसायला लागली.

शेवटच्या दिवशीचं सांगते. बाबांनी फक्त चालत जायचं होतं, सगळे मारून झाले होते, आणि खुनी जंगलात निघून जातो असं होतं. लांब वाट, झाडांमधून पडलेलं ऊन, पुढं बाबा, मागं कॅमेरा. मी आणि माय कडेच्या पायवाटेनं, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूनं येत होतो. मायच्या डोक्यावर शिदोरी, भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. मी म्हणत होते, थांब, त्यांचं चालू आहे. पण हिला भात थंड होण्याची पडलेली. बाबा दिसले, बरोबर हिनं हाक मारली.

"अजी!"

बाबा थांबले. वळले. वळता वळता हात गेला, दुपट्टा गळ्यात आला, आणि ते मायकडं बघून हसले. सगळे दात.

"कट! कट! काका, क्या कर दिया!"

बाबांनी झटकन दुपट्टा वर घेतला. चोरी करताना सापडलेल्या पोरासारखे मान खाली घालून उभे राहिले. योगराज धावत आला, म्हणाला, "मिटा दूँगा काका, टेन्शन मत लो." परत पहिल्यापासून चालवलं त्यांना. माय माझ्यामागं लपून, पदर तोंडात कोंबून हसत होती. मग तिनं आंब्याखाली पोरांपासून आडोशाला बसवून त्यांना जेवू घातलं.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. मलेरिया होता, डोक्यात चढला. धानाच्या रोवणीची घाई होती, अंगात कसकस असताना चिखलात उभे राहिले, आणि मग उठलेच नाहीत. माणूस असा जातो आमच्याकडं, सांगायला काही राहत नाही.

तेरवीला फोटो पाहिजे. घरात सगळं धुंडाळलं. माझ्या मोबाईलमध्ये माय आहे, बकऱ्या आहेत, चुलीवरचं वांगं आहे, बाबा नाहीत. जिथं मी कॅमेरा वळवला तिथं दुपट्टा, नाही तर पाठ, नाही तर उचललेला पंजा. आधार कार्ड होतं. त्यावरचा फोटो मी गोंदियातल्या स्टुडिओत मोठा करायला दिला. मोठा केल्यावर फक्त काळं मोठं झालं. माणूस आहे का जळका बुंधा, ओळखू येईना. शेवटी मायनं खुंटीला दुपट्टाच टांगला, त्यालाच हार घातला, त्यालाच कुंकू लावलं.

दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, गेले होते माहेरी. माय अंगण सारवत होती. सारवता सारवता थांबली, हात शेणात तसाच.

"टीना, मले त्यायचं तोंड आठवून नाही राहिलं व."

मी म्हटलं, "काहीबी काय बोलतेस?"

"लग्नातलं दिसते. दोन डोळ्यांचं, काळी मिशी असलेलं. पण ते काय माझं होय? ते तं अस्वलानंच नेलं. ज्याले मी रोज भात वाढला, त्याचं तोंड जाऊन राहिलं. डोळे मिटले का दुपट्टाच येते पुढं. दुपट्टा खाली करा म्हनतो, तं करत नाही."

असं म्हणून ती पुन्हा सारवायला लागली. मी तिथंच उभी. जगभराच्या बायकांची तोंडं मी रंगवते, आणि हिला पाहिजे ते तोंड मला कुठूनही आणता येत नव्हतं. आठवायला मी पण बसले त्या दिवशी. माझ्याही डोळ्यांपुढं आधी लाल काठ आला. 

म्हणून मी योगराजला फोन केला. म्हटलं, सिनेमा झाला का पूर्ण? त्यात चेहरा नसेल, माहीत आहे मला, पण माय पाठ तरी पाहील. त्यानं आधी मायची चौकशी केली. मग म्हणाला, "दीदी, गोंदियाला शो आहे. दुपारी दोन शो ठेवलेत, कॉलेजवाल्यांसाठी. काकूंना घेऊन या." आणखी काही तरी बोलायचं होतं त्याला, असं मला वाटलं. बोलला नाही.

माय देवरीहून बसनं आमगावला आली, तिथून आम्ही गाडीनं गोंदियाला. तिनं निळं लुगडं नेसलं होतं, आणि मांडीवर स्टीलचा डबा फडक्यात बांधलेला. म्हटलं, "गोंदियात हॉटेलं नाहीत का?" म्हणाली, "राहू दे." मला वाटलं, बाहेरचं खायचं नाही म्हणून आणला असेल.

हॉल पोरापोरींनी भरलेला. शिट्ट्या, पॉपकॉर्न, मोबाईलचे उजेड. आम्ही मधल्या रांगेत. सिनेमाचं नाव 'मागून'. अंधार झाला आणि पडद्यावर बाबांची पाठ आली.

काय सांगू! ती पाठ. घामानं बंडी चिकटलेली, मानेवर दुपट्ट्याची गाठ. गाणं नाही, बाजा नाही, फक्त पाचोळा आणि त्यांचा श्वास. मायनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. पोरं सुरुवातीला हसत होती, मग गप्प झाली. हळूहळू त्यांना भीती वाटायला लागली, हे कळत होतं मला. आम्हाला मात्र बाबाच दिसत होते. नाल्यावर पाणी पिताना वाकले तर माय पुटपुटली, "गुडघा दुखते त्यायचा." एका ठिकाणी मुंग्यांचं वारूळ आलं, ते वळसा घालून गेले, पुढं जाऊन एका पोराला मारलं. हॉल किंचाळला. माय म्हणाली, "पाहिलं, वारूळ नाही तुडवलं." मोहाचं झाड आलं. बाबांनी हात लावला. मायनंही हात पुढं केला, पुढच्या खुर्चीच्या पाठीला लावला.

मग ती शेवटची वाट आली. झाडांमधलं ऊन, पुढं बाबा. मला वाटलं, आता चालत जातील, बारीक होतील, संपेल. मी पर्समधून रुमाल काढत होते.

बाबा थांबले.

काही आवाज नव्हता. पाचोळाही नाही, श्वासही नाही. सगळं बंद केलेलं. त्या शांततेत ते वळले, हात वर गेला, दुपट्टा खाली आला, आणि ते अख्ख्या हॉलकडं बघून हसले.

एकच किंकाळी उठली. माझ्यापुढच्या पोरीनं मित्राच्या खांद्यात तोंड खुपसलं, पॉपकॉर्न माझ्या पायावर सांडला. मागून कोणी ओरडलं, "अबे बाप रे!" मी पण दचकून अर्धी उठले होते, आणि मी नीट बघेपर्यंत पडदा काळा. दिवे लागले. मग टाळ्या. टाळ्या थांबेनात.

योगराज पुढं आला, माईक घेऊन. एका पोरानं हात वर केला. "सर, वो लास्ट का मेकअप किसने किया? एक नंबर है!"

योगराजनं माईक खाली केला. मी उठले. माझा आवाज इतका मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

"अस्वलानं केला," मी म्हटलं. "मोहाच्या झाडाखाली. माझा बाप होता तो. आणि ह्यानं शब्द दिला होता, की तोंड दाखवणार नाही."

पोरांच्या माना आमच्याकडं वळल्या. मी मायचा हात धरून बाहेर आले.

योगराज मागून पळत आला. व्हरांड्यात मी त्याला धरला तसा सोडला नाही. जे तोंडात आलं ते बोलले. लाज नाही का, मेलेल्या माणसाला विकतोस का, तुझ्या बापाचं तोंड दाखवशील का असं. तो उभा राहून ऐकत होता. रडत होता. रडू दे, मला काय! शेवटी म्हणाला, "दीदी, मिटवणार होतो. खरंच. मग काका गेल्याचं कळलं, त्या दिवशी परत लावून पाहिलं. पूरी फिल्म में वही एक चीज़ सच्ची थी. बाकी सब नाटक है. मला ते फेकवलं नाही." मग मायच्या पायाशी वाकला. "काकू, तुम्ही म्हणाल तर आज काढून टाकतो."

मायचं त्याच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. तिचा चेहरा असा झाला होता, जसा मंडईत हरवलेलं लेकरू सापडल्यावर बाईचा होतो.

"माझी हाक कुठं गेली बाबू?" तिनं विचारलं.

"काय काकू?"

"मी अजी म्हटली होती. म्हनून तं वळले ते. हाक काढून टाकली तुमी?"

योगराज म्हणाला, "हो. आवाज काढला मी. शांत ठेवलं."

"मंग लोक भेतीनच ना!" माय म्हणाली. तिला एकदम सगळा उलगडा झाल्यासारखं झालं. "त्यायले कसं समजन, का हा मानूस कोनाले पाहून हासून राहिला? हाक ऐकली असती तं नसते भेले. बायको भात घेऊन आली, म्हनून हासला, असं समजलं असतं." मग माझ्याकडं वळली. "आनखी एक खेळ हाय ना? मी पाहतो. या खेपी मी हाक मारतो."

मी नाही म्हणत होते. ऐकते का ती! योगराजनं आम्हाला पुन्हा आत नेऊन बसवलं. नवीन पोरं, त्याच शिट्ट्या. ह्या वेळी मी सिनेमा पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. मायकडंच बघत होते. ती डबा मांडीवर सरळ धरून बसली होती, शेताच्या बांधावर बसायची तशी. खून झाले, पोरं किंचाळली, हिचं लक्ष नाही. वाट येण्याची वाट बघत होती.

ती वाट आली. बाबा चालत होते. माय उठून उभी राहिली. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर होता. बाबा थांबले आणि आवाज गेला, तसं हिनं तोंडाशी पंजा धरून हाक मारली. जंगलात मारायची तशीच, लांबवून.

"अजीऽऽ!"

मी तिच्याकडं बघत होते. बाबा वळले ते मला तिच्या तोंडावर कळलं. दुपट्टा खाली आला तेही तिथंच कळलं. ती हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत, तरी लाजली नाही, तोंडभर हसली. "जेवून घ्या," म्हणाली, हळूच.

आणि हॉल किंचाळला. पहिल्यापेक्षा जोरात. मागं कोणी पोरगी रडायलाच लागली. त्यांना वाटलं, हाकही सिनेमातलीच. कोणी तरी बोलावलं म्हणून खुनी वळला. एक पोरगा पुढून मागं वळून आमच्याकडं बघत होता, तर त्याची नजर मायवर पडली आणि तो आणखीनच दचकला.

पडदा काळा झाला. माय अजून उभीच. हसू तोंडावर होतं, पण आता ते तिथं नुसतं राहून गेलेलं होतं. हळूहळू खाली बसली.

"तरीबी भेले," ती म्हणाली.

मी डबा तिच्या मांडीवर नीट ठेवला. 

"त्यायले माहीत होतं व. मले वाटे, उगाच दुपट्टा बांधून फिरतात. मी किती भांडली, सोडा म्हनून. त्यायले बरोबर माहीत होतं."

बाहेर योगराज उभा होता. त्याला कळलं होतं सगळं. म्हणाला, "काकू, तुमची हाक मी लावून देतो. तुमच्याच आवाजात."

"नाही बाबू. काढून टाक. तू शब्द देला होता त्यायले."

"काकू—"

"पुरा काढून टाक. पाठच राहू दे. पाठ पाहिलेली आवडे त्यायले."

योगराज माझ्याकडं वळला. हळू आवाजात म्हणाला, "दीदी, तुम्हाला मोबाईलवर देऊ? फक्त तुमच्यासाठी. कोणाला दाखवू नका."

माझा हात पर्सकडं गेला होता. खरं सांगते, गेला होता. पहिल्या वेळी मी दचकून उठले, दुसऱ्या वेळी मायकडं बघत बसले. दोन वेळा माझा बाप माझ्यापुढं दुपट्टा सोडून हसला आणि मी एकदाही त्याला नीट पाहिलं नाही. मला पाहिजे होता तो तुकडा. आजही पाहिजे आहे. मी मायकडं पाहिलं. ती पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करत होती, माझ्याकडं बघत नव्हती. बघत असती तर कदाचित मी भांडले असते.

"नको," मी म्हटलं.

तिथंच पायऱ्यांवर, आमच्यापुढं त्यानं ते काढलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. झालं म्हणाला. आता तो सिनेमा कुठं कुठं जातो म्हणतात, दूरदूरच्या गावांना. त्यात बाबा चालत जातात, बारीक होतात, संपतात. तोंड कुठंच नाही. त्यांना दिलेला शब्द राहिला.

आम्ही स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मायनं फडक्याची गाठ सोडली. भात होता, लाखोळीच्या डाळीचे वडे होते. एका माणसाचंच होतं ते, आम्हा दोघींना पुरण्यासारखं नव्हतं. सकाळी तिनं ते कोणासाठी बांधलं होतं, हे मला तेव्हा समजलं. 

"थंड झाला," माय म्हणाली आणि डबा माझ्यापुढं सरकवला. "जेव तू."

मी जेवले.